साइड कोणती घ्यायची?

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस आमच्या स्टाफरूमच्या दारात एकच प्रश्न उभा असतो. "सर, सायन्स डालना क्या?" विचारणारे कधी अब्बा असतात, कधी मामू, कधी गॅरेजमधून तसाच आलेला मोठा भाऊ. ज्याचा निकाल लागला ते मूल मागे गुणपत्रिकेची झेरॉक्स गुंडाळत उभे असते. तुला काय आवडते, असे त्याला विचारले तर ते आधी अब्बांच्या तोंडाकडे पाहते. उर्दू शाळेत भाषा शिकवता शिकवता आमची वीस वर्षे होत आली. या प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, एवढे मात्र आम्हाला नक्की कळले आहे. म्हणून हा लेख.

खरे तर त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो आणि तो फार थोडे पालक उघड विचारतात. कॉलेजला घालावे तरी का? शेजारचा बी.ए. झालेला मुलगा मोबाइलच्या दुकानात स्क्रीनगार्ड लावत बसतो आणि आठवीत शाळा सोडलेला त्याचा चुलतभाऊ एसी दुरुस्तीत त्याच्या दुप्पट कमावतो, हे मोहल्ल्यात सगळे पाहतात. हातगाडीवर फळे विकणाऱ्या माणसाला हिशेब आपल्यापेक्षा चांगला येतो. तीन-चार वर्षांची फी, बसचे भाडे, पुस्तके, शिवाय तेवढ्या वर्षांत मुलाने घरी आणले असते ते पैसे, अशी सगळी बेरीज त्याने मनात केलेली असते. जलशात मौलाना इल्मची फजिलत सांगतात, आपण माना डोलावतो, सुभानअल्लाह म्हणतो आणि सकाळी मुलाला वेल्डिंगच्या दुकानात पाठवतो. याला अडाणीपणा म्हणून चालणार नाही. हिशेबाला उत्तर हिशेबानेच द्यायला हवे.

आधी कौमचा हिशेब पाहू. सच्चर समितीने २००६ साली आपला अहवाल दिला तेव्हा देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तरच्या दर ५० विद्यार्थ्यांत एक मुस्लिम असल्याचे नोंदवले होते. त्यानंतरच्या वर्षांत आपली संख्या हळूहळू वाढत गेली, हे खरे. पण २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात ती एकदम घसरली. आदल्या वर्षी २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते, ते १९ लाख २१ हजारांवर आले. त्याच वर्षी अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांची संख्या मात्र वाढली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशाच्या लोकसंख्येत आपण १४.२ टक्के, आणि कॉलेजात बसलेल्या मुलांत साडेचार टक्क्यांच्या जरा वर. कोरोनाने सगळ्यांचेच धंदे बसवले, पण ज्यांच्या घरात मुलाचे शिक्षण ही सर्वांत आधी काटता येणारी बाब होती, त्यांची मुले परत कॉलेजात आली नाहीत.

आता घरचा हिशेब. कोकणात आणि मराठवाड्यात आखाती देशांत गेलेला एकतरी माणूस प्रत्येक खानदानात असतो. त्याला विचारा. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टावर ईसीआरची नोंद येते आणि सौदी, कतर, कुवेतला नोकरीसाठी जाताना त्याला वेगळी इमिग्रेशन परवानगी काढावी लागते. दहावी पासला ती लागत नाही. पुढे तिथे गेल्यावर, काम दोघांनाही येत असले तरी, ज्याच्याकडे आयटीआयचे किंवा डिप्लोमाचे साक्षांकित प्रमाणपत्र असते तो टेक्निशियन म्हणून उभा राहतो आणि ज्याच्याकडे नसते तो हेल्पर म्हणून. हुनर तेच, कागद वेगळा. एसी दुरुस्त करणाऱ्या त्या चुलतभावाचे कौतुक आम्हालाही आहे. आमचे म्हणणे एवढेच, की त्याच्या हातात कला आहे तिला प्रमाणपत्र जोडले असते तर चाळिशीनंतर शिडीवर चढण्याऐवजी त्याला खाली उभे राहून काम करवून घेता आले असते.

शिवाय काही दारे अशी आहेत की पदवीशिवाय त्यांची कडीच निघत नाही. यूपीएससी, राज्यसेवा, बँकांतील अधिकारी पदे, बी.एड., तीन वर्षांचा एलएल.बी. या सगळ्यांना आधी पदवी लागते. यूपीएससी आणि राज्यसेवेला ती कोणत्याही शाखेची चालते. जालना जिल्ह्यातील अन्सार शेख २०१५ च्या यूपीएससी परीक्षेत वयाच्या २१ व्या वर्षी ३६१ वा आला. वडील रिक्षाचालक, आणि त्याची पदवी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून राज्यशास्त्रात, म्हणजे ज्याला आपण "आर्ट्स घेतले बिचाऱ्याने" म्हणतो त्यात. यवतमाळची अदीबा अनम २०२४ च्या परीक्षेत १४२ वी आली. तिचेही वडील रिक्षा चालवत. सुरुवातीचे शिक्षण जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत, पदवी पुण्यातून गणितात. दोघांनी दोन टोकांचे विषय घेतले. दोघांत सारखे होते ते इतकेच, की तीन वर्षे पदवी पूर्ण होईपर्यंत घरच्यांनी त्यांना कॉलेजातून काढले नाही.

कॉलेजचा आणखी एक फायदा पैशात मोजता येत नाही, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या शाळेत पहिलीपासून दहावीपर्यंत एकाच मोहल्ल्यातली मुले एकाच भाषेत शिकतात. सोळाव्या वर्षापर्यंत कित्येकांनी आपल्याच वयाच्या मराठी मुलाशी सलग पाच मिनिटे गप्पा मारलेल्या नसतात. क्रिकेटच्या मैदानावर आरडाओरडा होतो तेवढाच. तहसीलमध्ये अर्ज लिहायचा झाला तर घरातला पदवीधर शोधावा लागतो. अकरावीला ती मुले पहिल्यांदा चार प्रकारच्या मुलांशेजारी बसतात, एन.एस.एस.च्या शिबिराला जातात, वर्गात उठून मराठीत प्रश्न विचारायला घाबरतात आणि सहा महिन्यांनी विचारतात. पुढे दुकान चालवायचे असो की दवाखाना, गिऱ्हाइकाशी आणि सरकारशी याच भाषेत बोलायचे आहे. आम्ही स्वतः बी.ए.ला उर्दूबरोबर मराठी घेतली तेव्हा लोक हसले होते. उर्दूवाल्याला मराठी कशाला, म्हणून. आज आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला जे येतात त्यांत हसणाऱ्यांची मुलेही असतात.

सायन्सची रांग

आता साइडकडे वळू. ७० टक्क्यांच्या वर गुण पडले की सायन्स, ५० ते ७० कॉमर्स आणि त्याखाली आर्ट्स, असा एक अलिखित कायदा आपल्याकडे आहे. तो कोणी केला माहीत नाही, पण तो फार नुकसान करतो. गुण किती पडले यावरून विषय ठरवणे म्हणजे पायाचे माप न घेता खिशात पैसे किती आहेत यावरून चप्पल घेणे.

सायन्स घेणाऱ्या दहांतल्या आठ मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, घरात "डॉक्टर" हा शब्द आधीच उच्चारलेला असतो. त्याचाही हिशेब मांडू. २०२४ साली देशभरातून २३ लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत, आणि त्यांतल्या सरकारी कॉलेजांतल्या साधारण निम्म्या. खाजगी कॉलेजची फी किती असते ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याचे मन उगाच खट्टू होईल. ज्या मुलीला जीवशास्त्र मनापासून आवडते तिने जरूर प्रयत्न करावा. पण तिच्या अम्मी-अब्बांनी पहिल्याच दिवशी दुसरी वाटही ठरवून ठेवावी: बी.एस्सी. नर्सिंग, बी.फार्म., फिजिओथेरपी, सूक्ष्मजीवशास्त्र. आणि आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांसाठी एक वाट अशी आहे जी इतरांना सहज मिळत नाही. युनानीचा बी.यू.एम.एस. करायला नीट तर द्यावी लागतेच, पण त्याबरोबर दहावीला उर्दू, अरबी किंवा फारसी विषय असावा लागतो. नाहीतर आधी वर्षभराचा वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. ज्या उर्दूला आपण ओझे समजतो ती इथे पात्रता आहे. एमबीबीएसची जागा हुकली म्हणून दोन-दोन वर्षे घरी बसून नीटच देत राहिलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. तिसऱ्या वर्षी त्यांचे लग्न ठरते आणि हाती ना पदवी ना प्रवेश.

दुसरी अडचण भाषेची. ती आम्हा शिक्षकांना ठाऊक असते, पालकांना नसते. दहावीपर्यंत मुलाने 'जियाई तालीफ' शिकलेली असते, अकरावीत तीच 'फोटोसिंथेसिस' होते. 'इसराअ' म्हणून जे पाठ केले ते 'ॲक्सिलरेशन' म्हणून समोर येते. मुलाला विषय येत असतो, त्याचे नाव येत नसते. दिवाळीपर्यंत त्याला वाटू लागते की आपण मंद आहोत, आणि डिसेंबरात तो कॉलेजला जायचा बंद होतो. मराठी माध्यमातल्या मुलांचेही थोड्याफार फरकाने असेच होते. यावर आमचा उपाय साधा आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, अकरावीचे वर्ग सुरू व्हायला तीन-चार महिने असतात. या काळात दहावीच्याच विज्ञान आणि गणिताची इंग्रजी माध्यमाची पुस्तके आणावीत. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. शेजारी उर्दूचे पुस्तक उघडून रोज दोन पाने जोडीने वाचावीत. धडे ओळखीचे असतात, फक्त शब्द नवे. वहीत दोन रकाने करून चारशे-पाचशे शब्द लिहिले की जून-जुलैत वर्गात बसताना कापरे भरत नाही. रमजान परीक्षेच्या आसपास आला असेल तर ईदनंतर सुरू करा, पण करा.

आणि गणिताबद्दल. केवळ भीतीपोटी अकरावीला गणित सोडू नका. सायन्समध्ये गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. गणित सोडले की इंजिनिअरिंग जवळजवळ बंद, संख्याशास्त्र बंद, आर्किटेक्चर बंद. जीवशास्त्र सोडले की सगळी वैद्यकीय शाखा बंद. सोळाव्या वर्षी दार बंद करायला एक मिनिट लागतो, ते पुन्हा उघडायला वर्षे जातात, कधी उघडतच नाही. मात्र "सायन्स घेतले की सगळे रस्ते खुले" हे वाक्यही अर्धेच खरे आहे. रस्ते उत्तीर्ण होणाऱ्याला खुले असतात. ज्याला भौतिकशास्त्रात रस नाही त्याला दोन वर्षे त्यात कोंडून बारावीला ४२ टक्के आणायला लावले, तर त्याच्यासाठी कोणता रस्ता खुला राहिला?

बाकीच्या दोन

आम्हाला सगळ्यांत नवल वाटते ते कॉमर्सचे. आपला समाज मुख्यतः कष्टकऱ्यांचा आणि छोट्या व्यापाऱ्यांचा. फळबाजार, भंगार, कापड, बेकरी, मटण, वाहतूक, यंत्रमाग यांत आपली किती माणसे आहेत! आणि यांतल्या किती घरांत स्वतःच्या धंद्याचा ताळेबंद वाचता येणारा मुलगा आहे? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आमच्या गावातल्या बाजारपेठेत जी धावपळ झाली ती आम्ही पाहिली आहे. प्रत्येक जण दुसऱ्याच्या अकाउंटंटच्या दारात. कॉमर्सला गेलेला मुलगा घरच्या दुकानापासूनच शिकायला सुरुवात करू शकतो. सीए व्हायचे असेल तर बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, मग दोन वर्षांची आर्टिकलशिप, ज्यात थोडेफार विद्यावेतनही मिळते, आणि शेवटी फायनल. निकाल कडक लागतो, चार-चार वेळा बसावे लागते, हे आधीच सांगितलेले बरे. पण इंजिनिअरिंगच्या खाजगी कॉलेजच्या एका वर्षाच्या फीत इथे बराच पल्ला मारता येतो.

काही दीनदार घरांतून शंका येते की कॉमर्स म्हणजे बँक आणि बँक म्हणजे व्याज. प्रश्न प्रामाणिक आहे, टाळू नये. पण हिशेब, लेखापरीक्षण, कर, उत्पादन खर्च काढणे यांत बँकेची नोकरी ही एक लहानशी फांदी आहे. ज्याला ती नको त्याच्यासाठी बाकी झाड उभेच आहे. आणि दुकानातल्या मालाची जकात काढायला बसलो तरी आधी साठ्याची किंमत काढता यावी लागते, येणे-देणे वेगळे करता यावे लागते. दरवर्षी रमजानात ही आकडेमोड अंदाजाने करणारे पुष्कळ आहेत.

आर्ट्सबद्दल आम्ही पक्षपाती आहोत, तेव्हा आमचे बोलणे मीठ लावून घ्यावे. आर्ट्स ही नापासांची धर्मशाळा नव्हे. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे, त्याला कोणतीही शाखा चालते, सीईटी द्यावी लागते. वक्फच्या जमिनींचे, वारसा हक्काचे, सातबाऱ्यावरच्या नावांचे खटले आपल्या घरोघरी आहेत. मोहल्ल्यात मात्र वकील शोधावा लागतो आणि महिला वकील तर विचारूच नका. मानसशास्त्र, समाजकार्य, पत्रकारिता, भूगोल, अर्थशास्त्र, अनुवाद यांचीही तीच गत. शिक्षक व्हायचे असेल तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. बी.एड.ला अध्यापनाचा विषय पदवीच्या विषयावरून ठरतो, म्हणून शाळेत शिकवला जाणारा विषय पदवीला असलेला बरा. आणि आता नुसत्या बी.एड.वर भागत नाही, टीईटी आणि शिक्षक अभियोग्यता चाचणीही द्यावी लागते. नुसत्या उर्दूवर नोकऱ्या थोड्या आहेत. ज्याला उर्दूच घ्यायची आहे त्याने जोडीला इंग्रजी किंवा मराठी पक्की करावी, मग दोन भाषांमधले काम त्याला शोधत येते.

या ठिकाणी इमाम गझाली यांची आठवण येते. नऊशे वर्षांहून आधी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात त्यांनी वैद्यक आणि गणित यांना फर्जे किफाया म्हटले आहे, म्हणजे समाजातल्या काहींनी तरी पार पाडलेच पाहिजे असे कर्तव्य. शेती, विणकाम यांसारखे व्यवसायही त्यांनी त्यातच धरले. त्यांची तक्रार होती की लोक सगळे एकाच विद्येच्या, फिक्हच्या, मागे धावतात आणि शहरात मुस्लिम वैद्य सापडत नाही. आज चित्र उलटे झाले आहे. सगळे वैद्यकाच्या रांगेत आणि वकील, लेखापाल, संख्याशास्त्रज्ञ, पत्रकार या जागा रिकाम्या. रांग बदलली, खोड तीच.

दहावीनंतर थेट पॉलिटेक्निकला गेलेल्या मुलांविषयीही लिहायला हवे. तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि मध्येच घरची गरज निघाली तर डिप्लोमावर नोकरीही लागते. आयटीआय करूनही पुढे डिप्लोमाला जाता येते. ज्या घरात चार वर्षे थांबण्याची ताकद नाही त्या घरासाठी हा मार्ग आम्हाला नेहमीच शहाणपणाचा वाटला आहे.

मेजर, मायनर आणि बाकी शब्द

बारावीनंतर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चा फॉर्म भरताना आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे शब्द येतात. नवीन शैक्षणिक धोरण २०२० चे. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांतही ही पद्धत आली. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय, ज्यात पदवी मिळणार. मायनर म्हणजे जोडविषय. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचा. एक वर्ष पूर्ण करून सोडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्स. मिळवलेले क्रेडिट खात्यात जमा राहतात, पुढे परत येऊन जोडता येतात. ज्या मुलीचे मधेच लग्न होते किंवा ज्या मुलाला घरासाठी वर्षभर काम करावे लागते त्यांना याचा उपयोग आहे. पण "एका वर्षाचेही प्रमाणपत्र मिळते ना" असे म्हणून कोणी मुलीला पहिल्या वर्षावरच थांबवले, तर ती सवलत राहणार नाही, पळवाट होईल. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर ना बी.एड. होते ना स्पर्धा परीक्षा.

मेजर निवडताना आम्ही मुलांना एक काम सांगतो. ज्या विषयाचा विचार आहे त्याचे दुसऱ्या वर्षाचे पुस्तक कोणाकडून तरी आठवडाभर मागून आणा आणि मधला कोणताही एक धडा वाचा. पहिल्या वर्षाचे नको, ते सोपे असते. वाचताना पुढचे पान उलटावेसे वाटले तर विषय तुमचा. झोप आली तर अजून वेळ गेलेली नाही. त्यानंतर त्या कॉलेजात तो विषय शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का ते पाहा. फळ्यावर विभागाचे नाव असते आणि शिकवायला तासिका तत्त्वावरचा एकच माणूस, असे आज पुष्कळ ठिकाणी आहे. मायनर मात्र पोटापाण्याकडे बघून घ्यायला हरकत नाही. इतिहासाबरोबर संगणक, उर्दूबरोबर पत्रकारिता, गणिताबरोबर अर्थशास्त्र. कोणती जोडी मिळेल हे विद्यापीठ आणि कॉलेजागणिक बदलते, म्हणून माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय फॉर्म भरू नये.

कागद

इतके सगळे ठरल्यावर गाडी अडते ती कागदांवर. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम जाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. पण आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात नुसते "मुसलमान" लिहिलेले असते. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तेव्हा आजोबांचे, चुलत आजोबांचे, अगदी आतेआजीचेही शाळेचे नाव शोधावे लागते. खरेदीखत, जन्ममृत्यूची नोंद, जुना महसुली कागद, कुठेतरी जात लिहिलेली सापडते. हे काम प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. जात पडताळणीला तर महिने जातात. मुलगा नववीत असतानाच सुरुवात करा. शेख, सय्यद, पठाण अशा खुल्या प्रवर्गातल्या घरांनी उत्पन्न बसत असेल तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. आपल्याकडे अजून कित्येकांना तो आपल्यालाही मिळतो हेच माहीत नाही.

याचे मोल मुलींच्या बाबतीत फार आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट एवढीच, की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. दलालाच्या नादी लागून "पक्की सीट" घेणारे पालक इथेच फसतात. एका दाखल्याअभावी चार वर्षांची फी भरलेली घरे आमच्या माहितीत आहेत.

मुलींचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून घेऊ. आमच्या वर्गात वरचे नंबर बहुतेक मुलींचे असतात. बारावीनंतर त्यांना थांबवताना घरचे सांगतात, "जास्त शिकली तर जोडीचा मुलगा कुठून आणायचा?" ही अडचण खोटी नाही. पण तिचे मूळ मुलीच्या पुस्तकात नाही, तर नववी-दहावीत दप्तर टाकून गेलेल्या मुलात आहे. मुलीला खाली ओढून जोडी जुळवण्यापेक्षा मुलाला वर्गात टिकवणे आपल्या हातात आहे. आणि ज्यांचे लग्न झाले त्यांच्यासाठीही वाट आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ दूरशिक्षणाने पदवी देतात. दोन मुलांची आई झाल्यावर बी.ए. पूर्ण करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थिनी आहेत, आणि त्यांच्या मुलांचा गृहपाठ कधी अपुरा नसतो.

तालुक्याच्या गावातून शहरात मुलगी पाठवायची तर राहायचे कुठे, हा प्रश्न उरतो. मुंबईत १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी अंजुमन-ए-इस्लाम उभी केली, औरंगाबादेत १९६३ साली डॉ. रफिक झकेरिया यांनी मौलाना आझाद कॉलेज सुरू केले. त्या पिढीच्या मानाने आज आपल्या हाती पैसा जास्त आहे. आज गावोगावी देखणे शादीखाने उभे राहतात. त्यांतला एखादा मजला मुलींच्या वसतिगृहाला दिला तर लग्ने थोडी कमी थाटाची होतील, एवढेच.

शेवटी संस्थेची चौकशी. चौकात फ्लेक्स लागलेले असतात: शंभर टक्के नोकरी, परीक्षा न देता पदवी, सहा महिन्यांत नर्स. नर्सिंगला नर्सिंग कौन्सिलची मान्यता लागते, फार्मसीला फार्मसी कौन्सिलची, बी.एड.ला एनसीटीईची, कायद्याला बार कौन्सिलची. बनावट विद्यापीठांची यादी यूजीसी वेळोवेळी प्रसिद्ध करते. पैसे भरण्याआधी कॉलेजचे नाव संबंधित कौन्सिलच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा, ऑफिसातल्या माणसाने भिंतीवरची फ्रेम दाखवली तेवढ्यावर थांबू नका. आणि फॉर्म भरण्यापूर्वी एकदा मुलाला घेऊन कॉलेजात जाऊन या. प्रयोगशाळेला कुलूप आहे का, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, शेवटची बस किती वाजता सुटते, हे पाहा. आपल्यातल्या बऱ्याच घरांत दोन खोल्यांत सात माणसे राहतात, अभ्यासाला कोपरा नसतो. तेव्हा कॉलेजचे वाचनालय साडेपाचला बंद होते की आठला, हेही विचारून घ्या.